मशीनचा गळा

होडीच्या मागच्या फळीला टांगायच्या मोटरला आमच्या रत्नागिरीच्या खाडीवर कोणी आउटबोर्ड म्हणत नाही. नुसतं 'मशीन' म्हणतात आणि त्याची ताकद घोड्यांत सांगतात. "तुझं किती घोड्यांचं?" हा प्रश्न राजिवड्यात आणि कर्ल्यात माणसाच्या तब्येतीच्या आधी विचारला जातो. ज्याचं आठ घोड्यांचं असतं तो जरा हळू बोलतो. ज्याचं पंचवीसचं असतं तो आकडा सांगून वर पेट्रोलच्या भावाबद्दल तक्रारही करतो.

या मशिनांवर मी माझी रोजी कमावली. १९८५ ते २०११ अशी सव्वीस वर्षं मी दोह्याच्या एका वर्कशॉपमध्ये हीच मशिनं उघडली, धुतली आणि पुन्हा जुळवली. आमच्या मोहल्ल्यातले लोक आखातात ड्रायव्हर झाले, सुतार झाले, ऑफिसात कारकून झाले. मी दालद्याचा मुलगा, मला परमुलखातही खाऱ्या पाण्याचंच काम मिळालं. तिथे माझ्याकडे येणारे मिसरी, मलबारी, बंगाली आणि खुद्द अरब नाखवे एक प्रश्न हमखास विचारायचे. कार्बुरेटर मोठा बसवला तर ताकद वाढेल का? याचं उत्तर एका शब्दात आहे, 'वाढेल'. तो शब्द ऐकून लोक खूश होऊन निघून जात. पुढचं ऐकायला थांबणारे थोडे.

गेल्या हंगामात हाच प्रश्न माझ्या घरात आला. विचारणारा माझा भाचा, वय वर्षं बावीस.

त्याच्याकडचं मशीन मीच आणलेलं. १९८९ सालचं जॉन्सन, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, वरच्या झाकणावर ९.९ असा आकडा. १९९७ मध्ये ते मी दोह्यात जुनं विकत घेतलं आणि मेव्हण्यासाठी जहाजाने पाठवलं. मेव्हण्याने त्यावर तीन मुलींची लग्नं केली, घराचा पुढचा सोपा बांधला. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि होडी, जाळी, मशीन सगळं भाच्याच्या अंगावर आलं. पोरगा पदवीपर्यंत शिकलेला आहे, पासपोर्टही काढून ठेवलेला आहे. बहिणीला वाटतं त्याने आखातात जावं. त्याला वाटतं इथेच राहावं. म्हणजे त्याचा कार्बुरेटरचा प्रश्न वरवर दिसत होता तेवढा कार्बुरेटरपुरता नव्हता. या होडीवर घर चालतं हे त्याला आईला दाखवायचं होतं.

"मामू, बाकीचे लिलावाला लागतात तेव्हा मी अजून तोंडावरच असतो," तो म्हणाला. "मशीन दम धरत नाय. पंधराचा कार्बुरेटर मिळतोय, बसवून द्या."

तोंड म्हणजे खाडीचं मुख. काजळी नदी भाट्याजवळ समुद्राला मिळते तिथे वाळू आणि गाळ साचून पाणी उथळ झालं आहे. ओहोटीला खाडीचं पाणी तिथून जोराने बाहेर पडतं, समोरून समुद्राची लाट येते आणि दोघांच्या भांडणात होडी सापडते. इथे होड्या उलटल्या आहेत. बाहेरही दिवस सोपे नाहीत. पर्ससीनवर राज्य शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिवे लावून मासे धरायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली. कागदावर सगळं आहे. पण छोट्या होडीवाल्याला बांगड्यासाठी पूर्वीपेक्षा लांब जावं लागतं हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हा पोराची मागणी हौसेची नव्हती.

त्याने दारूखान्यातून, म्हणजे मुंबईत जिथे मोडलेल्या जहाजांचं सामान विकतात तिथून, एका ओळखीच्या माणसाकरवी पंधरा घोड्यांच्या मशीनचा कार्बुरेटर मागवलाही होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो तुकडा त्याने माझ्यासमोर ठेवला आणि मी चष्मा पुसून तो हातात घेतला. खरा होता आणि योग्य पिढीचा होता.

पिढी म्हणजे काय ते सांगायला हवं. जॉन्सन आणि एव्हिनरुड ही एकाच कंपनीची दोन नावं. त्यांनी १९७४ पासून ९.९ आणि १५ घोड्यांची मशिनं एकाच साच्यातून काढली. तोच ब्लॉक, तेच दोन पिस्टन, दोन्हींचं आकारमान सुमारे २१६ घनसेंटिमीटर. फरक मुख्यतः कार्बुरेटरच्या गळ्याचा, काही वर्षांच्या मॉडेलांत धूर जाण्याच्या नळीचाही. १९९३ पासून त्यांनी आकारमान वाढवलं, त्यामुळे नंतरच्या मशीनचा भाग आधीच्याला घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. आता कोणी विचारील, एकच मशीन असताना कमी ताकदीचं विकायचं कशाला? त्याचं कारण अमेरिकेत आहे. तिकडे कित्येक तलावांवर दहा घोड्यांच्या वरचं मशीन चालवायला मनाई असते. म्हणून दहाला शून्य पॉइंट एक कमी! कायद्याच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा आणि बाकीचे पाच घोडे तबेल्यात बांधून ठेवायचे. एव्हिनरुड हे नाव मूळ नॉर्वेच्या ओले एव्हिनरुडचं. उन्हात वल्हं मारत आइस्क्रीम आणेपर्यंत ते वितळलं आणि त्या रागातून त्याला होडीचं मशीन सुचलं अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, १९०९ च्या सुमारास त्याने मशिनं विकायला सुरुवात केली हे खरं. ती मूळ कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, नवीन मालकाने २०२० मध्ये एव्हिनरुडचं उत्पादनही थांबवलं. आता ही मशिनं म्हणजे वारस नसलेली म्हातारी माणसं, एकमेकांच्या सुट्या भागांवर जगणारी.

कार्बुरेटरचं काम समजायला अवघड नाही. पाइपातून वाहणारी हवा मध्येच अरुंद जागेतून गेली की तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. व्हेंचुरी नावाच्या इटालियन माणसाने अठराव्या शतकाच्या शेवटी हे मांडलं. कार्बुरेटरच्या आत असा एक आवळलेला गळा असतो. पिस्टन हवा ओढतो, गळ्यात दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, आपोआप वर येऊन हवेत मिसळतं. वाटीत पेट्रोल किती राहावं हे तरंगणारा फ्लोट आणि त्याची सुई ठरवते. गळा मोठा केला तर जास्त हवा, जास्त हवेला जास्त पेट्रोल, आणि दोन्ही जळाले तर जास्त ताकद. पण मोठ्या गळ्याला त्याचाच जेट लागतो. गळा मोठा आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण पातळ होतं. टू-स्ट्रोकमध्ये हा धोका दुप्पट असतो, कारण पिस्टनला लागणारं तेल पेट्रोलमधूनच येतं, लिटरला वीस मिली. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि वर मशीन जास्त तापतं. अशा मशीनला थोडे दिवस जोर चढतो, मग एक दिवस भर समुद्रात पिस्टन सिलिंडरला चिकटतो. दोह्यात मी असे पिस्टन पुष्कळ पाहिले. एका बाजूने ओरखडलेले, जणू मांजराने नखं मारली आहेत.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, "बसवू. पण तुझ्याकडे आता नऊ घोडे तरी आहेत का ते आधी बघू."

पुढच्या जुम्म्याला आम्ही होडी बाहेर काढली. मोबाइलवर वेग मोजला आणि माझ्या जुन्या पेटीतलं फेऱ्या मोजायचं यंत्र प्लगच्या वायरीला लावलं. जाळी, बर्फ, दोन माणसं असं नेहमीचं ओझं ठेवून मूठ पूर्ण पिळली. वेग ४.९ नॉट, फेऱ्या मिनिटाला ४१००. या मशीनची ९.९ ही ताकद ५००० फेऱ्यांच्या आसपास मोजलेली आहे. म्हणजे पोराला वाटत होतं तेवढे घोडेही जुंपलेले नव्हते.

घरी आणून जुना कार्बुरेटर खोलला. बहिणीच्या स्वयंपाकघरातलं स्टीलचं भांडं मी विचारून घेतलं, भाच्याने दुसरं न विचारता घेतलं. वाटीच्या तळाशी पिवळट डिंकासारखा थर होता आणि त्याखाली पाण्याचे थेंब. हा आजचा नवा रोग आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आमच्या किनाऱ्यावर हवेत ओलाव्याला तोटा नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत टाकीत आणि वाटीत राहिलेलं पेट्रोल आपली करामत करतं. जुनी रबरी नळी आतून फुगते, सुईचं टोक मऊ पडतं, जेटचं भोक अर्धं बुजतं. १९८९ च्या मशीनला हे पेट्रोल कधी स्वप्नातही दिसलं नव्हतं. नळी बदलली, सुई बदलली, जेट तारेने न खरवडता द्रावणात भिजवून हवेने फुंकला. तार घालायची सवय आमच्याकडे फार आहे. भोकाचा आकार एकदा बिघडला की जेट फेकून द्यायचा.

आणखी दोन गोष्टी सापडल्या. कार्बुरेटरच्या मागे पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात, मशीन श्वास घेताना उघडतात आणि सोडताना मिटतात. त्यातल्या एकीचा कोपरा तुटलेला होता, म्हणजे घेतलेल्या श्वासातला थोडा परत बाहेर. आणि खालचा पाण्याचा पंप. मशीन समुद्राचं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं. आमच्या तोंडावर त्या पाण्यातून वाळूही येते. पंपातल्या रबरी पंख्याची पाती वाळूने खाऊन गुळगुळीत झाली होती. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. या पंख्यावर मोठा कार्बुरेटर चढवला असता तर आठवडाभरात तमाशा झाला असता.

हे सगळं करून पुन्हा मोजलं. ५.५ नॉट.

भाचा खूश झाला पण समाधानी नव्हता. मग पाण्यातल्या मोठ्या पंख्याकडे वळलो. त्यावर दहा इंचाचा पिच होता, म्हणजे एका फेरीत तो हिशेबाने दहा इंच पुढे जायला बघतो. हलक्या फायबरच्या बोटीला हे ठीक. आमची होडी चोवीस फुटी, लाकडी, भरलेली. तिला दहाचा पंखा म्हणजे बैलगाडी चौथ्या गिअरमध्ये ओढण्यासारखं. आठ इंच पिचचा पंखा आणवला. फेऱ्या ४८०० वर गेल्या, वेग ५.८.

आता कार्बुरेटर. बिस्मिल्लाह म्हणून जुना काढला, नवीन गॅस्केट घालून पंधराचा चढवला. गॅस्केटमधून हवा चोरली जाता कामा नये, नाहीतर पुन्हा मिश्रण पातळ. मग ठिणगीची वेळ आणि गळ्याची झडप यांचा मेळ बसवला. मूठ पिळताना आधी ठिणगी पुढे सरकते आणि ठरलेल्या खुणेवर झडप उघडू लागते, तो मेळ चुकला तर मशीन मध्येच अडखळतं. मंद चालीची सुई फिरवून गुरगुर एकसारखी केली. या कामात कानाइतकं चांगलं यंत्र नाही. माझा उजवा कान आता कमी ऐकतो, मी डाव्याने काम चालवलं.

ओझं तेच, दिवस शांत. फेऱ्या ५१००, वेग ६.१ नॉट. मशीन थांबवून प्लग काढून बघितला, बिस्किटासारखा तांबूस. पांढरा असता तर पातळ, काळा ओला असता तर जाड. मिश्रण बरोबर होतं.

०.३ नॉट. भाच्याचा चेहरा पडला. पाच घोडे वाढवले आणि हाती इतकंच? पण यात मशीनचा दोष नाही. पाण्यावर तरंगत जाणारी होडी स्वतःच लाट उठवते आणि ठरावीक वेगानंतर त्या लाटेचा चढ चढत बसते. तिचा हिशेब आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. आमच्या होडीची ती लांबी वीस फूट. वर्गमूळ ४.४७, गुणाकार सहा नॉटच्या आसपास. त्याच्या पुढे प्रत्येक पाव नॉटसाठी घोड्यांचा कळप लागतो. सपाट तळाची हलकी बोट पाण्यावर उठून पळते, तिला हा नियम लागत नाही. आमची होडी उठत नाही, ती नांगरते. पेट्रोलचं म्हणाल तर जुन्या कार्बुरेटरवर पूर्ण मुठीला तासाला चार लिटर जायचं, आता साडेपाच. लिटरचा भाव आज शंभरावर आहे. रोज तीन तास मशीन चाललं तर हिशेब तुम्हीच करा.

मी सरळ म्हटलं, "जुना परत चढवू या. जे मिळायचं ते साफसफाईत आणि पंख्यात मिळालं."

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने बोटाने फळीवर हिशेब मांडला. ओहोटीची ओढ तोंडावर तीन नॉट धरू. ५.८ मधून तीन गेले, उरले २.८. ६.१ मधून गेले तर ३.१. उथळ पट्टा चारशे मीटरचा. जुन्या कार्बुरेटरने तो पार करायला साडेचार मिनिटांच्या थोडं वर, नवीनने सव्वाचारच्या आत. फरक सव्वीस-सत्तावीस सेकंदांचा.

"अर्ध्या मिनिटासाठी दीड लिटर?" मी म्हटलं.

"मामू, तेवढ्यात दोन लाटा येतात."

मी सव्वीस वर्षं मशिनं दुरुस्त केली. तोंडावरून होडी आत आणायची वेळ माझ्यावर लहानपणी अब्बांच्या पायाशी बसून आली तेवढीच. त्या दोन लाटा कोणत्या, त्या कशा मागून चढतात आणि तेव्हा मुठीत थोडं शिल्लक असणं म्हणजे काय, हे रोज तिथून येणाऱ्यालाच ठाऊक. मी पाना खाली ठेवला.

कार्बुरेटर राहिला, पण एक तोड काढली. मूठ हळूहळू पिळत गेलो आणि जिथे वेग ५.५ ला पोहोचतो तिथे मुठीवर आणि दांड्यावर जुळणारी खूण केली. खुणेसाठी रंग नव्हता म्हणून भाचीची नेलपॉलिश आणली, गडद लाल. रोजचं जाणं-येणं खुणेच्या आत, तोंडावरची चार मिनिटं खुणेच्या बाहेर. या बेताने दिवसाचं पेट्रोल आधीपेक्षा थोडं कमीच लागू लागलं. होडी नांगरत नाही तोवर तिची भूक लहान असते.

एका बाबतीत मात्र मी हटून बसलो. झाकणावर अजून ९.९ लिहिलेलं आहे आणि आत पंधराचा गळा. उद्या हे मशीन कोणाला विकलं किंवा दुसऱ्या मेकॅनिकच्या हातात गेलं तर त्याने बाहेरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा का? जुन्या मशिनांच्या धंद्यात अशी गोष्ट लपवण्याला लोक हुशारी समजतात. घेणारा नंतर चुकीचा जेट आणतो आणि पिस्टन गमावतो. परवान्याच्या कागदावरही मशीनचे घोडे लिहिलेले असतात, ते बदलून घ्यायला मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कोण उघडून बघतोय मामू?" मी ऐकलं नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने त्याच्याच हाताने लिहवून घेतलं: कार्बुरेटर १५ चा, पंखा ८ पिच, आणि तारीख. कागदाचं काम त्याने नंतर केलं, दोन खेपा घालून, माझ्या नावाने कुरकुरत.

हंगाम संपला. पासपोर्ट अजून कपाटातच आहे, आणि बहिणीने तो विषय रमजानपर्यंत काढायचा नाही असं ठरवलं आहे. मधल्या काळात कर्ल्याचा एकजण आपलं मशीन घेऊन आला. त्यालाही मोठा कार्बुरेटर हवा होता. भाच्याने त्याला आधी विचारलं, पावसात टाकी रिकामी केली होतीस का? त्याची वाटी उघडली तर आत तोच पिवळा डिंक. तेव्हापासून जुम्म्याच्या दुपारी आमच्या पडवीत दोन-तीन कार्बुरेटर उघडे पडलेले असतात. भाचा धुण्याचे दोनशे रुपये घेतो, जेटमध्ये तार घालून आणलेली असली तर अडीचशे. बहिणीने स्वयंपाकघराला कडी लावायला सुरुवात केली आहे. स्टीलची तीन भांडी पेट्रोलच्या वासाची झाली आहेत आणि चौथं द्यायला ती तयार नाही.